दुसरी पंगत : फिन्लंडच्या फुटबॉलमधील एक प्रकरण

लग्नघरीं पहिल्या पंगतीला कोण कोण बसलें होतें, हें वर्षानुवर्षें पुष्कळांच्या स्मरणांत राहतें. दुसऱ्या पंगतीची याद सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक वाढपी, घरच्या लेकीसुना, गाडी चुकल्यामुळें उशिरां येऊन पोहोंचलेले आप्तेष्ट हे सारे त्या दुसऱ्या पंगतीलाच असतात, आणि घराची खरी हकीकत ऐकावयाची असेल तर ती तेथेंच ऐकावयास मिळते. खेळांच्या इतिहासाचीही गोष्ट अशीच आहे. अजिंक्यपद कोणीं मिळविलें याच्या याद्या होतात, चषकांवर नांवें कोरलीं जातात. पण जे संघ वरची पायरी सोडून खालीं आले, त्यांचें पुढें काय झालें, हें विचारण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहींत. प्रस्तुत लेखांत फिन्लंडमधील फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, आणि त्यांतही १९९७ सालच्या एका हंगामाचा विचार करावयाचा आहे. विषय दूरच्या देशाचा आहे खरा. पण त्यांतून निघणारा प्रश्न कोणत्याही देशांतील संस्थेला लागू पडणारा आहे. एखाद्या संस्थेचा मान गेला, किंवा गांव गेलें, किंवा नांवच गेलें, तर या तिहींपैकीं कोणती हानि भरून निघण्यासारखी असते?

फिन्लंडचें नांव मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें तें या देशाच्या राजधानींत, हेलसिंकी येथें. त्याच ऑलिंपिकमध्यें आपल्या फुटबॉल संघाला युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ अशी हार खावी लागली आणि आपले कित्येक गडी अनवाणी पायांनीं खेळले, हेंही पुष्कळांना ठाऊक असेल. फुटबॉलचे त्या वेळचे कांहीं सामने हेलसिंकीबाहेर लाहती नांवाच्या शहरींही झाले. त्या लाहती शहरांत तेव्हां हजारों निर्वासित कुटुंबें नव्यानें संसार मांडीत होतीं, आणि त्यांनीं आपल्याबरोबर हरवलेल्या गांवाचा एक फुटबॉल संघही आणला होता. त्या संघाची गोष्ट पुढें येईलच. तत्पूर्वीं त्या देशांत या खेळाची मांडणी कशी आहे, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

इंग्लंड-स्पेनसारख्या देशांत फुटबॉलचा हंगाम म्हणजे हिंवाळा. फिन्लंडांत हिंवाळ्यांत मैदानें बर्फाखालीं गाडलेलीं असतात. त्यामुळें तेथें हंगाम वसंतांत सुरू होतो आणि शरदांत, बहुधा ऑक्टोबरांत, संपतो. पूर्वीं बर्फ वितळल्यावरचे पहिले सामने गवतावर होतच नसत. गवत उगवावयाचें असे, म्हणून वाळू-खड्यांच्या मैदानावर गुडघे सोलून घेत खेळावें लागे. उलट जूनमध्यें दिवस मावळतच नाहीं म्हटलें तरी चालेल. सायंकाळीं सुरू झालेला सामना संपून लोक घरीं पोहोंचले तरी उजेड असतोच. थंडीच्या दिवसांत तेच क्लब आणि पुष्कळदां तेच गडी बर्फावरचा चेंडूचा खेळ खेळत. एकाच मंडळीचा बाराहि महिने सहवास घडे आणि क्लब म्हणजे केवळ खेळाची सोय न राहतां गांवांतील एक वडीलधारी संस्था होऊन बसे.

श्रेणींच्या नांवांची गंमतही सांगण्यासारखी आहे. १९३० सालीं साखळी पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तिला 'मेस्तारूससार्या', म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, असें नांव होतें. तिच्याखालीं पुढें 'सुओमेनसार्या', म्हणजे फिन्लंडची मालिका, ही दुसरी पायरी आली. १९७३ सालीं या दुसऱ्या पायरीला 'पहिला विभाग' असें नांव मिळालें, कारण सर्वांत वरच्या स्पर्धेला स्वतंत्र नांव होतेंच. लोकांनीं त्याचें 'युक्कोनेन', म्हणजे 'एक नंबर', असें सुटसुटीत रूप केलें. त्याखालचे ते 'काक्कोनेन' आणि 'कोल्मोनेन', म्हणजे दोन नंबर आणि तीन नंबर. अशा रीतीनें जो संघ देशांत दुसऱ्या पायरीवर घसरला, तो 'एक नंबरा'वर गेला असें म्हणण्याची पाळी आली. २०२४ सालीं मध्यें आणखी एक पायरी घातली गेल्यामुळें तर हें 'एक नंबर' नांव तिसऱ्या पायरीला जाऊन चिकटलें आहे. पडणाऱ्याचें सांत्वन करण्याची ही भाषेची युक्ति मोठी प्रेमळ म्हटली पाहिजे.

परंतु या खेळाचा फिन्लंडांतील पूर्वेतिहास तितका प्रेमळ नाहीं. तेथील फुटबॉल संघटना १९०७ सालीं स्थापन झाली. त्या वेळीं देश रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें या पराधीन देशाच्या संघानें प्रथम इटलीला आणि मग खुद्द रशियालाच २ विरुद्ध १ गोलांनीं हरविलें आणि चौथें स्थान मिळविलें. राज्यकर्त्यांच्या संघाला मैदानावर हरविण्यांत कोणता आनंद असतो, हें आपणांस निराळें समजावून देण्याचें कारण नाहीं. पांच वर्षांनीं, १९१७ च्या डिसेंबरांत, देश स्वतंत्र झाला. आणि स्वातंत्र्याचें पहिलें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १९१८ सालीं, तेथें लाल आणि पांढरे अशा दोन पक्षांत यादवी युद्ध पेटलें. पांढऱ्यांची सरशी झाली. पराभूत कामगारवर्गाला जुन्या क्रीडासंस्थांचीं दारें बंद झालीं, तेव्हां त्यांनीं १९१९ सालीं स्वतःचा कामगार क्रीडासंघ काढला. पुढें एक पिढीभर एकाच गांवांत दोन मैदानें, दोन स्पर्धा आणि दोन निरनिराळे अजिंक्यवीर असा प्रकार चालला. त्यांत फिनिश बोलणारे आणि स्वीडिश बोलणारे यांचे क्लब निराळे, हा आणखी एक भेद होताच. दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांचे संघ हळूहळू एकाच साखळींत येऊं लागले, आणि कोत्का या बंदरच्या कामगार क्लबानें १९५१ व १९५२ अशीं लागोपाठ दोन वर्षें देशाचें अजिंक्यपद मिळविलें. जी दुही बंदुकांनीं निर्माण केली ती गोलसंख्येच्या तक्त्यावर कांहीं अंशीं तरी बुजूं लागली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां गांव हरवलेल्या संघांकडे वळूं. १९३९ पर्यंत फिन्लंडचें दुसरें मोठें शहर म्हणजे पूर्वेकडील करेलिया प्रांतांतील वीपुरी. जुना किल्ला, गजबजलेलें बंदर, चार भाषा बोलणारी बाजारपेठ असें तें भरलेलें शहर होतें. तेथें १८९१ सालीं 'रेइपास' नांवाचा एक व्यायाम-क्लब निघाला. रेइपास म्हणजे चपळ, उत्साही. याच शहरांत 'सुदेत', म्हणजे लांडगे, या नांवाचा दुसरा एक बलवान् संघ होता. १९३९ च्या नोव्हेंबरअखेर सोव्हिएट रशियानें फिन्लंडवर स्वारी केली. साडेतीन महिने तो लहानसा देश बर्फांत झुंजला. अखेर १९४० च्या १२ मार्च रोजीं मॉस्को येथें तहावर सह्या झाल्या, आणि वीपुरीसह जवळजवळ सारी करेलिया रशियाला द्यावी लागली. तेथील चार लाखांहून अधिक लोकांनीं, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारें आठव्या हिश्शानें, घरेंदारें सोडून पश्चिमेची वाट धरिली. सह्या करणाऱ्या चौघां फिनिश प्रतिनिधींपैकीं एक रुडॉल्फ वाल्डेन नांवाचे सेनापति आणि कागदाचे कारखानदार होते. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या १९४० सालीं नेहमींची साखळी स्पर्धा होऊं शकली नाहीं. अजिंक्यपद बाद पद्धतीनें खेळविलें गेलें. तें कोणीं जिंकलें? सुदेत या संघानें. ज्या शहराचा तो संघ, तें शहर मार्चमध्येंच परमुलुखांत गेलें होतें. विजयानंतर चषक घेऊन मिरवीत जावें असा रस्ता त्यांना उरला नव्हता. वेशीवर वाट पाहणारे गांवकरी देशभर विखुरलेले होते. जगाच्या क्रीडेतिहासांत विजयाच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु घरीं परत जाण्याची सोय नसलेल्या विजेत्यांची कथा विरळाच. पुढच्या वर्षीं फिनिश सैन्यानें वीपुरी परत घेतलें, कांहीं लोक परतले, पडक्या भिंती त्यांनीं पुन्हां उभ्या केल्या. आणि १९४४ च्या जूनमध्यें तें शहर दुसऱ्यांदां आणि कायमचें गेलें. एकदां सोडलेलें घर पुन्हां लावून पुन्हां सोडावें लागणें, हें दुःख पहिल्यापेक्षां अधिक असतें.

शेतकरी निर्वासितांना १९४५ च्या कायद्यानें जमिनी मिळाल्या. वीपुरीच्या शहरी लोकांपैकीं पुष्कळ जण लाहतीला आले, आणि त्यांच्या मागोमाग रेइपास क्लबही आला. सुदेत संघ आधीं हेलसिंकीला व पुढें कोउवोला गांवीं जाऊन राहिला. क्लब कशानें टिकतो, याचें हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. मैदान गेलें, प्रेक्षक पांगले. उरलें तें केवळ नांव आणि तें नांव घेतांना एकमेकांकडे पाहणारीं कांहीं माणसें. तेवढ्या भांडवलावर रेइपासनें परक्या शहरांत १९६३, १९६७ व १९७० सालीं देशाचें अजिंक्यपद, आणि १९७२ ते १९७६ अशीं लागोपाठ पांच वर्षें फिन्लंडचा चषक जिंकला. लाहतीला त्यांचा एक स्थानिक प्रतिस्पर्धीही होता. 'कूसूसी' नांवाच्या त्या संघानें १९८२ ते १९९१ या काळांत पांचदां अजिंक्यपद मिळविलें आणि १९८६ सालीं युरोपीय चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. पुढें आयाक्सकडून युरोपचा चषक जिंकणारा यारी लितमानेन हा फिन्लंडचा सर्वांत नामांकित खेळाडू रेइपासमध्येंच वाढला. त्याचा बापही त्याच संघाकडून खेळलेला होता. निर्वासितांचा म्हणून आलेला संघ एका पिढींत लाहतीचा झाला होता.

आतां दुसरें गांव. वाल्केआकोस्की या शब्दाचा अर्थ शुभ्र धबधबता प्रवाह. त्या प्रवाहाच्या बळावर तेथें कागदाचे कारखाने उभे राहिले. गांवाची वस्ती उणीपुरी वीस हजार. येथील 'हाका' संघ १९३४ सालीं स्थापन झाला. त्याच्या मैदानाचें नांव 'तेहतान केंत्ता', म्हणजे सरळसरळ कारखान्याचें मैदान. ज्या कंपनीचा हा कारखाना, ती 'संयुक्त कागद कारखाने' ही कंपनी वर उल्लेखिलेल्या रुडॉल्फ वाल्डेन यांनीं उभारलेली; त्यांचे पुत्र यूसो वाल्डेन यांनीं १९४० पासून जवळजवळ तीस वर्षें तिचा कारभार पाहिला आणि फुटबॉल संघाला हात आंखडता न घेतां आश्रय दिला. ज्या हातानें वीपुरी देऊन टाकण्याच्या कागदावर सही केली, त्याच घराण्याच्या कागदावर वाल्केआकोस्कीचा संघ पोसला गेला, हा योगायोग इतिहासच घडवूं जाणे. फिन्लंडच्या चषकाची स्पर्धा १९५५ सालीं सुरू झाली आणि पहिल्याच वर्षीं तो हाकानें नेला. पुढें १९६०, १९६२, १९६५, १९७७ आणि १९९५ अशीं अजिंक्यपदेंही मिळविलीं. एवढ्याशा गांवानें राजधानीला वारंवार नमवावें, याचा तेथील लोकांस अभिमान वाटे तो साहजिकच होता.

अशा स्थितींत १९९६ साल उजाडलें. आदल्याच वर्षींचा अजिंक्य संघ असलेला हाका त्या हंगामांत घसरत घसरत थेट दुसऱ्या श्रेणींत गेला. त्याच वर्षीं त्याची आश्रयदाती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनींत मिळून गेली व तिचें जुनें नांव संपलें. आणि त्याच वर्षीं लाहतींत रेइपास व कूसूसी या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांनीं, मोठेपण दोघांनाही एकेकट्यानें परवडेनासें झाल्यामुळें, एकत्र होऊन 'एफ. सी. लाहती' हा नवा संघ काढला. ऱ्हासाच्या एकाच प्रश्नाला एकाच वर्षीं दोन गांवांनीं दिलेलीं हीं दोन उत्तरें आहेत. एकानें पायरी सोडली, पण नांव ठेविलें. दुसऱ्यानें पायरीसाठीं नांव सोडलें.

१९९७ चा हंगाम हाकानें दुसऱ्या श्रेणींत काढला. ज्या वर्षाला गांवकरी शिक्षेचें वर्ष समजत असतील, तेंच त्याच्या इतिहासांतील एक संस्मरणीय वर्ष ठरलें. साखळींत त्यानें वर जाण्याचा हक्क मिळविला, हें तर झालेंच. पण त्याच वर्षीं फिन्लंडचा चषकही त्यानें जिंकला. चषकाच्या स्पर्धेंत वरच्या-खालच्या श्रेणीचा भेद नसतो; हरला तो बाहेर, एवढा एकच नियम. म्हणजे अजिंक्यपदासाठीं झगडणाऱ्या साऱ्या मातबर संघांना मागें टाकून, तो मान दुसऱ्या पंगतीला बसलेल्या एका कारखान्याच्या गांवानें उचलून नेला. चषकामुळें युरोपांतील चषकविजेत्यांच्या स्पर्धेंत खेळण्याचा अधिकार मिळाला. १९९८-९९ सालची ती स्पर्धा त्या मालिकेंतील शेवटचीच ठरली. आणि पुढें काय झालें? कीथ आर्मस्ट्राँग या इंग्रज शिक्षकाच्या हाताखालीं या संघानें १९९८, १९९९ व २००० अशीं लागोपाठ तीन वर्षें देशाचें अजिंक्यपद जिंकलें. १९९५ सालीं शिखरावर, १९९६ सालीं पायथ्याकडे, १९९७ सालीं खालच्या पायरीवर आणि १९९८ सालीं पुन्हां शिखरावर, असा हा चार वर्षांचा आलेख आहे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, हाकाच्या पाठीशीं कारखान्याचा पैसा होता. लाहतीच्या क्लबांना तसा आधार नव्हता. तेव्हां एकाचा गौरव आणि दुसऱ्याला दोष हा न्याय बरोबर नाहीं. आक्षेप विचारार्ह आहे. कर्जाच्या वह्या डोळ्यांपुढें असतांना नांवाच्या अभिमानानें खेळाडूंचें वेतन देतां येत नाहीं, आणि लाहतीच्या चालकांनीं जें केलें तें शहरांतील फुटबॉल जगावा म्हणूनच केलें. शिवाय हाकाच्या पुनरुत्थानांतही दैवाचा वांटा होताच. सगळेच पडलेले संघ वर्षभरांत उठत नाहींत. परंतु एक गोष्ट विसरतां येत नाहीं. विलीन होऊनही दुसरी पंगत टळली नाहीं. नव्या संघालाही आरंभीं दुसऱ्याच श्रेणींत खेळावें लागलें. नांव दिलें, आणि पायरी लगेच मिळाली नाहीं. रशियाच्या तोफांनीं जें साधलें नाहीं, म्हणजे रेइपास हें नांव वरच्या फुटबॉलमधून पुसून टाकणें, तें शांततेच्या काळांत एका ठरावानें साधलें. ठराव करणारे शत्रु नव्हते, आपलेच होते. म्हणून तर ही गोष्ट अधिक विचार करावयास लावते.

कोणी म्हणेल, मग हाकावर पुन्हां संकट आलें नाहीं काय? आलें. २००४ सालीं नववें अजिंक्यपद मिळविणारा हा संघ २०१२ सालीं पुन्हां खालीं गेला. आणि या वेळीं एका वर्षांत उठण्याचा चमत्कार घडला नाहीं. २०१३ ते २०१९ असे तब्बल सात हंगाम त्याला 'एक नंबरा'वर काढावे लागले. २०१९ सालीं तेमू ताइनियो या माजी राष्ट्रीय खेळाडूच्या मार्गदर्शनाखालीं त्यानें ती श्रेणी जिंकली आणि २०२० सालीं तो वर परतला. आमच्या मतें १९९७ च्या एका झळाळत्या हंगामापेक्षां हे सात हंगाम अधिक कसोटीचे होते. एक वर्षाचें दारिद्र्य मनुष्य धीरानें सोसतो, कारण त्याचा शेवट डोळ्यांपुढें दिसत असतो. सात वर्षें तेंच मैदान, तीच कुंपणापलीकडची कारखान्याची धुराडी आणि तीच रोडावलेली गर्दी यांच्या सोबतीनें खेळत राहणें याला निराळ्याच निष्ठेची गरज असते.

आणि तीं हरवलेल्या गांवाचीं नांवें? तींही सर्वस्वीं गेलीं नाहींत. लाहतींत मुलांच्या आणि खालच्या श्रेणींतील संघांनीं रेइपास हें नांव चालू ठेविलें. वीपुरीचे लांडगेही कोउवोला येथें खालच्या श्रेणींतच खेळत राहिले. वरच्या श्रेणीनें ज्यांना जागा दिली नाहीं, त्यांना खालच्या श्रेणीनें सांभाळलें. तेथें जाहिरातदारांची घाई नसते, परदेशी खेळाडूंच्या किंमती नसतात. म्हणून एखादें जुनें, व्यवहाराला निरुपयोगी झालेलें नांवही कोणी पुसावयास येत नाहीं.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. मान गेला तर तो परत मिळवितां येतो. वाल्केआकोस्कीनें तो दोनदां मिळविला. गांव गेलें तरी माणसें एकत्र राहिलीं तर संस्था परक्या भूमींत रुजूं शकते. रेइपासनें तें करून दाखविलें. नांव मात्र एकदां सोडलें कीं तें पुन्हां घरीं यावयास फार वेळ लागतो, आणि आलें तरी तें मागच्या दारानें, मुलांचें बोट धरून येतें. लाहतीच्या एखाद्या मैदानावर जूनच्या न मावळणाऱ्या उजेडांत दहा-बारा वर्षांचीं पोरें रेइपासच्या नांवानें खेळत असतील, तेव्हां त्यांपैकीं बहुतेकांनीं वीपुरी पाहिलेलें नसेल. त्यांच्या बापांनींही पाहिलेलें नसेल. तरी कुंपणाशीं उभा असलेला एखादा म्हातारा त्यांना त्याच नांवानें हांका मारील, आणि तीं पोरें ओ देतील.